ओढ्यापलीकडचे तीन एकर

अंबरपेठेत आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटी बाग आहे. सकाळी तिथे चार निवृत्त गृहस्थ फेऱ्या मारतात. एरवी ते एकमेकांना शुगर किती निघाली, झोप लागली का, असं विचारतात. पेरणीचे दिवस आले की त्यांचा नमस्कार बदलतो. मग ते विचारतात, "पडले का?"

पडले म्हणजे सरकारचे पैसे. जमिनीच्या पासबुकावर ज्याचं नाव, त्याच्या खात्यात एकरी मदत जमा होते, पेरणीसाठी. त्या चौघांत एक दातांचे डॉक्टर, एक मुख्याध्यापक, एक लोखंडाचे व्यापारी आणि चौथा माझा थोरला भाऊ. गेल्या तीस वर्षांत या चौघांच्या आठ हातांनी मिळून एक खुरपं उचललेलं नाही. पण पैसे पडायला आठवडाभर उशीर झाला की बाकावर बसून असे काही सुस्कारे सोडतात, की नवख्या माणसाला वाटावं यांची बियाणं बांधावर खोळंबली आहेत.

दादा सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात होता. पस्तीस वर्षं पंख्याखाली बसून निवृत्त झाला. वडिलांनी मागं ठेवलेली आठ एकर जमीन जहिराबादच्या पलीकडे आहे. वाटणीत पाच दादाच्या नावावर आली आणि तीन माझ्या. वडील गेल्यावर बरीच वर्षं आम्ही तिकडे फिरकलोही नव्हतो. वर्षाचा मक्ता घरपोच यायचा, तेवढाच काय तो शेतीशी संबंध. सरकारनं एकरी पैसे द्यायला सुरुवात केली आणि दादामधला शेतकरी खडबडून जागा झाला. त्यानं पांढरं, तयार शिवलेलं, इलास्टिकचं धोतर आबिड्सच्या बाजारातून आणलं. फोनवर नांगराचं चित्र लावलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून वाद झाला तेव्हा, "आम्ही मातीतली माणसं, आम्हाला लबाडी जमत नाही," असं तो म्हणाल्याचं मी या कानांनी ऐकलं आहे.

पहिल्या वर्षीच्या पैशांतून वहिनीनं सोफा घेतला. पेरणीचा सोफा म्हणून मी त्याची मनसोक्त थट्टा करत असे. माझ्या वाट्याच्या पैशांतून मी दोन दाढांवर कॅप बसवून घेतल्या, ही गोष्ट मात्र मी थट्टेत घेत नसे. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून माझ्या दाढा झिजल्या होत्या, असं मी स्वतःला सांगितलं होतं. गणिताचा आणि दाढांचा काय संबंध, ते विचारू नये.

जमीन करत होती ती एक बाई. वय माझ्याएवढंच, पंचावन्न-छप्पन्न. तिचा नवरा आमच्या वडिलांकडून जमीन मक्त्यानं करायचा. तो गेल्यावर ती करू लागली. आमच्या घरात तिचं नाव कुणी घेत नसे. ती "शेतावरची" होती. तूर, ज्वारी, करडई, कुठे थोडा हरभरा, सगळं तिच्या हिमतीवर. कुणाचं देणं नव्हतं, डोळ्यांत पाणी नव्हतं. उलट मक्ता द्यायला शहरात आली की आमच्या घरातल्या भाज्या हातात घेऊन, कितीला दिली, असं विचारून ती तोंड वाकडं करायची.

तिला एकच गोष्ट हवी होती. पिकाच्या नोंदीत कसणारी म्हणून तिचं नाव लागावं. ते नाव नसल्यानं तिची तूर सरकारी खरेदीत घेत नसत, ती व्यापाऱ्याला पडेल त्या भावानं घालावी लागायची. दोन वर्षांपूर्वी गारपिटीनं तिची ज्वारी झोपली, तेव्हा नुकसानीचे पैसे आमच्या खात्यात आले. ज्वारी तिची, गारा तिच्या, आणि भरपाई अंबरपेठेत. दादानं ते पैसे शांतपणे ठेवून घेतले. वहिनीनं तिला एक साडी दिली, घरात आहेरात आलेली, काठावर पिवळा डाग असलेली. मी माझ्या वाट्यातलं काही दिलं नाही, कारण दादानं दिलं नसताना मी दिलं तर त्याला वाईट वाटेल. माझ्या मनाचा मोठेपणा हा असा.

नावाचं काढलं की दादा उसळायचा. एकदा कसणाऱ्याचं नाव लागलं की जमीन गेलीच समज, कूळ कायद्यात आपल्या आत्याच्या सासरची चाळीस एकर गेली, असं त्याचं ठरलेलं व्याख्यान होतं. आत्याच्या सासरची जमीन पत्त्यांत गेली होती. सगळ्या नात्याला ते ठाऊक आहे. पण मी वाद घालत नसे. ती बाई मला बाजूला घेऊन विचारायची, तेव्हा मी म्हणायची, "मी बोलते दादाशी." दरवर्षी म्हणायची.

दरवर्षी म्हणजे वेळ अमावस्येला. शेतात जाऊन पूजा करायचा तो दिवस, आमच्या भागात त्याला येळवस म्हणतात. कडब्याचा कोप, म्हणजे छोटीशी खोपी करायची, त्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा नैवेद्य दाखवायचा आणि शेताभोवती आंबील शिंपडत फिरायचं. वडिलांच्या माघारी आम्ही हे सगळं विसरलो होतो. सरकारी पैशांबरोबर तेही परत आलं. पहाटे गाडीत डबे भरून आम्ही निघायचो. वहिनी कुकरमध्ये केलेली भज्जी आणायची, दादा इलास्टिकचं धोतर नेसायचा. ती बाई डांबरी रस्त्याला लागूनच कोप बांधून ठेवायची. गाडीतून उतरलं की दहा पावलांवर पूजा. दादाचे गुडघे दुखतात म्हणून तिनं ती सोय केली होती. चिंचेच्या झाडाजवळ आपलं शेत, एवढी खूण आम्हाला लहानपणापासून ठाऊक होती, आणि तिथे चिंच होती. दादा कोपाभोवती फेरी घालायचा, मग आंबिलीची घागर घेऊन शेताभोवती, निम्म्यातच दम लागून परत. माती उचलून कपाळाला लावायचा. वहिनी त्याचे फोटो काढायची. संध्याकाळी ते फोटो नात्यागोत्यात फिरायचे, खाली "आपली माती" असं लिहून.

सहा वर्षं हे असं चाललं. मग सरकारला जाग आली. डोंगर, प्लॉट, गोदामं, सगळ्यांवर पेरणीची मदत जाते आहे अशी ओरड झाली, म्हणून जी जमीन खरोखर पिकते तिलाच पैसे, असा हुकूम निघाला. कृषी खात्याची माणसं शेतात येऊन फोनवर नोंद करणार होती. मालकानं हजर राहायलाच हवं असं नव्हतं. पण दादाला राहवेना. शेतकऱ्यानं आपल्या बांधावर उभं राहायचं नाही तर कुठे, असं म्हणून त्यानं वहिनीबरोबर मलाही गाडीत घातलं. येळवस होऊन तीनेक आठवडे झाले होते. कोप अजून उभा होता, थोडा कललेला.

आलेली अधिकारी तिशीची मुलगी होती. डोक्यावर टोपी, पायात चिखलाचे बूट, बोलणं तेलुगू आणि अगदी मोजकं. दादा कोपापाशी जाऊन छाती काढून उभा राहिला. त्यानं मागचा हरभरा दाखवला, यंदा आपण हरभरा घेतला आहे, घाटे चांगले धरलेत, असं रेल्वेच्या तेलुगूत सांगितलं. ती बाई थोड्या अंतरावर उभी होती. तिनं मान खाली घातली होती. मला वाटलं, मालकांसमोर ती अदबीनं उभी आहे.

मुलीनं फोनवर नकाशा काढला. एकदा पाहिलं, दोन पावलं सरकून पुन्हा पाहिलं. मग तिनं दादाला पासबुक मागितलं, त्यावरचा सर्व्हे नंबर वाचला आणि आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही उभे आहात ते शेत तुमचं नाही."

दादा हसला. मशीनची चूक असेल म्हणाला. पिढ्यान्‌पिढ्या आपण इथे पूजा करतो म्हणाला. पिढ्यान्‌पिढ्या म्हणजे सहा वर्षं. मुलीनं फोन त्याच्यापुढे धरला. आमची जमीन ओढ्याच्या पलीकडे होती, चालत दहा मिनिटांवर, तिथेही एक चिंच होती. हे शेत शेजाऱ्याचं. ओढ्यावरून गाडी जात नाही आणि मालकांना चालवत नाही, म्हणून त्या बाईनं शेजाऱ्याला विचारून त्याच्या रानात कोप बांधला होता. पहिल्या वर्षी सांगायचं राहून गेलं, आणि फोटो गावभर फिरल्यावर सांगायची तिला लाज वाटली. आमच्यासाठी लाज वाटली.

सहा वर्षं आम्ही दुसऱ्याची माती कपाळाला लावत होतो. मला पोटातून हसू फुटत होतं. दादाचा चेहरा पाहण्यासाठी मी शंभर मैल चालून आले असते. त्याला वाटलं होतं की मातीच त्याला ओळखते, आणि ओळखायचं तर त्यालाच तिला ओळखता आलं नव्हतं. मी ओठ दाबून उभी राहिले. मलाही ते शेत आपलंच वाटलं होतं, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं नाही.

मग सगळे ओढा उतरून पलीकडे गेलो. दादा बूट हातात घेऊन, वहिनीच्या नव्याकोऱ्या साडीला खालून कुसळं. पलीकडे तूर काढून झालेली होती, तुराट्यांचे भारे रचलेले होते. उरलेल्या रानात करडई होती, पिवळ्या-केशरी बोंडांची. शेतकरी असल्याचं सिद्ध करायला दादा तडक करडईत शिरला. करडईत असं कुणी शिरत नाही. काटे धोतरातून मांडीला लागले आणि तो अंग चोरत मागे आला. मुलीनं हे सगळं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

तिनं नोंद सुरू केली. नंबर जुळला, पीक लिहिलं. मग म्हणाली, यंदा फॉर्ममध्ये एक नवा रकाना आहे, प्रत्यक्ष कोण कसतं त्याचा. मालकाचे पैसे त्यानं अडत नाहीत आणि जमिनीवर कुणाचा हक्कही लागत नाही. खरेदी आणि नुकसान यांपुरतं ते नाव. हे तिनं दोनदा सांगितलं, तेलुगूत एकदा आणि आम्हाला कळावं म्हणून हिंदीत एकदा. मग दादाकडे पाहून विचारलं, कोण कसतं?

दादा म्हणाला, "मी स्वतः."

ज्याला आपलं शेत सापडलं नव्हतं, ज्याच्या मांडीला अजून करडईचे काटे टोचत होते, तो म्हणाला, मी स्वतः. मुलीनं ते टिपून घेतलं नाही. मग तिनं त्या बाईकडे वळून विचारलं, तू कोण? त्या बाईनं दादाकडे पाहिलं. दादानं तिच्याकडे पाहिलं नाही, ओढ्याकडे पाहिलं, पण ते पाहणं तिला उद्देशूनच होतं. खरं सांगितलं तर पुढच्या वर्षी ही जमीन तिच्याकडे राहणार नाही, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

"शेत मालकच करतेत," ती म्हणाली. "मी रोजानं येते."

आता मुलगी माझ्याकडे वळली. तीन एकर तुमच्या नावावर आहेत, तुमचं काय? साधा प्रश्न होता. मुलांना फळ्यावर उभं करून मी याहून अवघड प्रश्न तीस वर्षं विचारले आहेत, आणि उत्तर येत असून गप्प बसणाऱ्याला मी कधी माफ केलं नाही. दादा माझ्याकडे पाहत होता. वहिनी पाहत होती. मी म्हणाले, "भाऊच बघतो सगळं." मला वाटलं, हे खोटं नाही. मुलीनं लिहून घेतलं, फोनवर दादाची बोटानं सही घेतली आणि नंतर माझी.

परत ओढा ओलांडताना मी मुद्दाम मागे राहिले. त्या बाईला काहीतरी म्हणावं असं मनात होतं. दादाचा स्वभाव तुला माहीतच आहे, अशी सुरुवात मी केली. तिनं मला पुढं बोलू दिलं नाही.

"मालकाचं मला काय बी वाटलं नाही, ताई. ते येतेत, पाय दुखतेत म्हणतेत, जातेत. तुम्ही मात्र दर साली म्हणता, बोलते म्हणून. आज बोलायचं व्हतं."

ती रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. थोडं चालून गेल्यावर तिनं सांगितलं की पंचायतीत यादी लागेल, आठ दिवस राहील. मालकानं येऊन सांगितलं तर त्या रकान्यातलं नाव बदलतात. दादाच्या पाच एकरांचं ती बोलत नव्हती. "तुमच्या तीन येकरापुरतं तर सांगा," ती म्हणाली. "तेवढ्याची तूर तरी सरकारात जाईल." मी म्हणाले, येते. अगदी मनापासून म्हणाले. तिचा हातही हातात घेतला.

परतीच्या वाटेवर दादा संगारेड्डी येईपर्यंत धोतरातले काटे उपटत होता. मग शेजाऱ्यावर घसरला. आपल्या पूजेसाठी शेत वापरू दिलं यात त्याचा काहीतरी डाव असणार, असं त्याचं म्हणणं पडलं. वहिनीनं जुने फोटो फोनमधून काढून टाकायला सुरुवात केली. मी खिडकीबाहेर पाहत दोघांची मनातल्या मनात यथेच्छ खिल्ली उडवली. अशा वेळी मला फार बरं वाटतं. दुसऱ्याचं हसं होत असलं की आपण आपोआप शहाणे ठरतो.

यादी सोमवारी लागली. तिनं फोन करून कळवलं. मी म्हणाले, गुरुवारी येते. बुधवारी दादाचा फोन आला. त्याला काही कळलं होतं असं नाही, तो दुसरंच सांगत होता. जहिराबादच्या बाजूला कारखान्यांसाठी जमिनी घेत आहेत, एक दलाल भेटला होता, आपल्या भागाचीही चौकशी आहे. कागद स्वच्छ असलेली जमीन लगेच उठते, त्यानं सांगितलं. मी त्याला म्हणाले, मला विकण्याबिकण्यात रस नाही. फोन ठेवला आणि स्वच्छ कागद हे दोन शब्द माझ्याजवळ राहिले. त्या मुलीनं दोनदा सांगितलं होतं की हक्क लागत नाही. गणिताच्या बाईला तेवढं समजतं. तरी मी समजून घेतलं नाही.

गुरुवारी पाठ दुखत होती. शुक्रवारी बस स्टँडवर गर्दी असते. शनिवारी शेजारणीकडे सत्यनारायण होता आणि नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. प्रत्येक कारण खरं होतं, एकही बनवलेलं नव्हतं. मला खोटं बोलता येत नाही, हा माझा फार जुना अभिमान आहे.

सोमवार शेवटचा दिवस. पंचायत पाच वाजता बंद होते. सकाळी आठची बस धरली असती तर दुपारच्या जेवणाला मी तिथे असते. नऊ वाजता मी आबिड्सला चष्मा करायला गेले. चष्मा महिनाभर तसाच चालला होता, अजून महिनाभर चालला असता. दुकानातल्या माणसानं मला काचा लावून बसवलं आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. मी वाचत होते तेव्हा पर्समधला फोन थरथरला. तिचा होता. दुकानदार म्हणाला, घ्या की, मी थांबतो. मी म्हणाले, असू द्या, महत्त्वाचा नाही.

फोन वाजून थांबला. मी सगळ्यात खालची, बारीक ओळसुद्धा बरोबर वाचली. तो म्हणाला, नजर छान आहे तुमची.

पाच वाजेपर्यंत मी आबिड्समध्येच हिंडत राहिले. ती पुन्हा फोन करील म्हणून फोन हातातच धरला होता. तिनं केला नाही. यादी कायम झाली. माझ्या तीन एकरांसमोर कसणारा म्हणून दादाचं नाव आहे, मजूर म्हणून एक स्त्री, नाव नसलेली, आणि खाली सही माझी.